डाव्या बाहीवरचा निळा तुकडा

माझी कादंबरी फुसकी आहे. हे मी विनयानं वगैरे म्हणत नाहीये. विनय माझ्या अंगात कधी नव्हताच. बत्तीस वर्षं मलेशियातल्या तैपिंगच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवला, आणि माझी चाहूल लागली की पोरं वहीत डोकं खुपसायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अख्खं गाव मला 'चिकगू' म्हणतं, म्हणजे मास्तरीणबाई. भाजीवाला चिकगू म्हणतो. दाताचा डॉक्टर चिकगू म्हणतो, आणि मला तोंड उघडायला सांगताना त्याचा हात अजून थरथरतो. तर अशा बाईनं, म्हणजे मी, तिलगवतीनं, साठी गाठल्यावर शाळेतल्या पोरांसाठी एक प्रेमकथा लिहिली. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. खाज.

गोष्ट काय, तर सतरा वर्षांची तमिळ मुलगी आणि तिच्याच वर्गातला चिनी मुलगा. नाव 'दोघांचं एक गाव'. नावावरूनच ओळखा. मलय भाषेत लिहिली, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांच्याच पोरांना वाचता यावी. दोन्ही घरांतून विरोध, रडारड, चोरून भेटी, सगळा मसाला आहे. शेवटी मुलाचे आजोबा वारतात आणि मुलगी धीर करून मयताला जाते. मांडवात सगळे नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत बसलेले. मुलाची आई उठते, एक शब्द न बोलता मुलीजवळ येते आणि निळ्या कापडाचा चौकोनी तुकडा तिच्या डाव्या बाहीवर टाचते. चिनी मयतात असा तुकडा फक्त घरच्या माणसांना लावतात. लेकांना नि सुनांना काळा, नातवंडांना नि नातसुनांना निळा. म्हणजे काय, तर मुलगी घरची झाली. सगळे रडतात. समाप्त.

क्वालालंपूरची संपादिका फोनवर म्हणाली, "चिकगू, मी किती रडले!" म्हटलं, रड बाई, तुला पगार मिळतो त्याचा. खरं तर माझा मूळ शेवट वेगळा होता. दीड पानाचा, कोरडा. तो वाचून हीच बाई म्हणाली होती, "मुलांना आशा द्यायला हवी ना हो." मग दिली आशा. आणि खोटं कशाला बोलू, तो नवा शेवट लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. चाळीस वर्षं मी तो मनातल्या मनात लिहीतच होते.

पुस्तक शाळाशाळांच्या वाचनालयांत गेलं. इंटरनेटवर कुणा मुलीनं दोन चांदण्या देऊन लिहिलं, "गोड आहे. पण असं कुठं होतं का?" मी तीन दिवस धुमसत होते. असं कुठं होतं का म्हणे! दीडशहाणी कुठली. आता वाटतं, तैपिंगच्या प्रत्येक पोरीला त्या दीडशहाणीची अक्कल असती तर किती बरं झालं असतं.

तर्शिनीला ती नव्हती. तर्शिनी म्हणजे मारिमुत्तूची मुलगी. मारिमुत्तू लॉरी चालवतो, तोही माझाच विद्यार्थी. नकाशात सुमात्रा दाखव म्हटलं की बोर्निओवर बोट ठेवायचा, पण माणूस सरळ. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. पोरगी पाचव्या फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्गात, वर्षाअखेरीस मोठी परीक्षा, म्हणून दर शनिवारी माझ्याकडे भूगोलाला यायची. हुशार होती. बापाचा बोर्निओ तिनं कधीच भरून काढला होता.

एका शनिवारी तिनं पिशवीतून माझंच पुस्तक काढलं. वाचनालयाचं, प्लास्टिकचं कव्हर घातलेलं.

"चिकगू, हे तुम्ही लिहिलंय?"

"मागं फोटो माझाच आहे ना? वीस वर्षांपूर्वीचा आहे म्हणून ओळखत नसशील."

एरवी खिदळली असती, पण हसली नाही. "मी चार वेळा वाचलं," म्हणाली.

"आणि मॉन्सून वाऱ्यांचा धडा किती वेळा वाचलास?"

"चिकगू, शेवट खरा आहे का?"

मी चष्मा काढला. बत्तीस वर्षं पोरी बघितल्यात मी. प्रश्न पुस्तकाबद्दल नसतो तेव्हा मला लगेच कळतं. "कोण आहे तो?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? कुणी नाही."

"अगं ए, माझ्यापुढं नाटकं नकोत."

मग सांगितलं. खू जून वेइ. बाजारात सोयाबीनच्या दुधाची गाडी आहे ना, त्या खूंचा नातू. तिच्याच वर्गातला, दीड वर्ष चाललेलं. म्हातारा खू मला चांगला माहीत होता. चाळीस वर्षं त्याच्याकडचं दूध पितेय मी. तर्शिनीचा चेहरा बोलताना असा उजळला होता की मला दुसरीकडं बघावं लागलं.

"त्याच्या आ-कोंगना मी आवडते, चिकगू. आजोबाच बरं का त्याचे, पण मीही आ-कोंगच म्हणते. माझ्या वाटीत पाक जास्त घालतात. म्हणतात, काळी पोरगी आली, गोड घाला."

पाक जास्त घातला म्हणून कुणी घरात घेत नाही गं, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. जिभेवर आलं होतं अगदी.

"पण तो शाळेबाहेर ओळख दाखवत नाही," ती म्हणाली. "गाडीवर त्याची आई असली की माझ्याकडं बघतसुद्धा नाही. विचारलं की म्हणतो, वेळ आली की सांगीन. मला दुसरं काही नको, चिकगू. लग्नबिग्न तर दहा वर्षांनी करू. चारचौघांत एकदा म्हणावं त्यानं, ही माझी आहे. एकदाच. मग मी कितीही थांबेन. तो म्हणालाच नाही तर... तर मग मी कोण आहे?" मग तिनं पुस्तकावर हात ठेवला. "रडू आलं की मी शेवटचं पान वाचते. सांगा ना, असं होतं का खरंच?"

आता ऐका मी काय केलं. मी, जिला सगळं गाव घाबरतं. त्या पोरीनं माझं पुस्तक चार वेळा वाचलं होतं. जगात दुसऱ्या कुणी चार वेळा वाचलं नव्हतं, माझ्या सख्ख्या बहिणीनं एकदाही नाही. मी हुरळून गेले.

"घडलं म्हणून तर लिहिलं," मी म्हणाले. "माझ्या अगदी चांगल्या ओळखीची मुलगी होती."

"निळा तुकडा लावला तिला?"

"लावला ना."

तिनं असा सुस्कारा टाकला जसं काही तिचंच लग्न ठरलं. मग आम्ही मॉन्सून वारे केले.

तीन आठवड्यांनी जून वेइची आजी गेली. आ-मा म्हणायचे तिला. ऐंशी वर्षांची, सहा महिने अंथरुणावर होती. त्यांच्यात पेटी चार-पाच दिवस घरी ठेवतात. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला मी भेटायला गेले. घरासमोरच्या रस्त्यावर मांडव, गोल टेबलं, टेबलावर भाजलेले शेंगदाणे आणि कागदी डब्यांतला शेवंतीचा चहा. दाराशी एक मावशी बसली होती, येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाला लाल दोरा आणि एक लिमलेटची गोळी देत. घरच्यांना कापडाचा तुकडा, बाहेरच्यांना लाल दोरा. दोरा बोटाला गुंडाळायचा आणि घरी पोचायच्या आत वाटेत टाकायचा, म्हणजे मरण मागं येत नाही. मी गुंडाळला. मला सवय आहे.

शवपेटीशेजारी म्हातारा खू प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, पाठ ताठ. त्याच्या मागं लेक, सुना, आणि नातवंडांत जून वेइ. पांढरा सदरा, उजव्या बाहीवर निळा तुकडा. मेलेल्या माणसासाठी जाळायच्या कागदाच्या सोनेरी मोहरा घडी घालून टोपलीत टाकत होता. बिचाऱ्याचे डोळे सुजले होते. आजीनंच वाढवलं होतं त्याला.

मी शेंगदाणा सोलत होते तेवढ्यात तर्शिनी आली.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. आणि डाव्या बाहीवर निळ्या कापडाचा चौकोन.

तो निळा रंग मी ओळखला. शाळेच्या गणवेशाचा निळा. पोरीनं स्वतःच्या गणवेशाच्या पट्टीतून तुकडा कापला होता, कडा दुमडून बारीक टाके घातले होते आणि पिन लावून आली होती. पुस्तकातल्या आईची वाट बघायला तिच्याकडं वेळ नव्हता. किंवा तिला वाटलं असेल, आपण लावून गेलो की तोच सगळ्यांसमोर सांगेल. इतकी सोपी गोष्ट होती तिच्या लेखी. मीच सोपी करून दिली होती.

दाराशी मावशीनं दोरा पुढं केला. तर्शिनीनं हसून मान हलवली, नको म्हणून. ती सरळ शवपेटीपुढं गेली, उदबत्ती लावली, तीनदा वाकली. घरी सराव केला असणार, एकदाही चुकली नाही. मग मागं वळून घरच्यांच्या ओळीकडं बघितलं. तिला वाटलं आता जागा करून देतील.

आतला मंत्र म्हणणारा तेवढा चालू होता.

जून वेइची आई उठली. "ए पोरी, कोण तू?"

"तर्शिनी."

"हे बाहीवर काय लावलंयस? कुणी दिलं तुला?"

"मीच... आंटी, मी..."

मागून दाराशी बसलेली मावशी किंचाळली. "अगं बाई, डावीकडं! डावीकडं लावलंय बघा हिनं!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई गेली तर तुकडा उजव्या बाहीवर लावतात. पुरुष गेला तर डाव्या. आमच्या गावात हे शेंबड्या चिनी पोरालासुद्धा माहीत असतं, आणि तमिळ पोरीला माहीत असायचं कारण नसतं. माझ्या पुस्तकात आजोबा गेले होते, म्हणून डावी बाही. नियम मी कुठंच लिहिला नव्हता. 'डाव्या बाहीवर, हृदयाच्या बाजूला,' असं सुंदर वाक्य मात्र लिहिलं होतं. आणि इथं आजी पेटीत होती आणि आजोबा समोर खुर्चीत बसले होते, जिवंत. पोरीनं जित्या म्हाताऱ्याचं सुतक अंगावर चढवलं होतं, त्याच्याच बायकोच्या मयतात.

म्हाताऱ्यानं तिच्या बाहीकडं बघितलं. खूप वेळ. रागावला नाही, तेच वाईट झालं.

"अजून आहे गं मी," तो म्हणाला.

तर्शिनीला कळेना. तिनं बाहीकडं बघितलं, म्हाताऱ्याकडं बघितलं, जून वेइच्या उजव्या बाहीकडं बघितलं. आणि मग कळलं. हुशार होती, सांगितलं ना. तिचा हात तुकड्यावर गेला, पण पिन काही निघेना.

मागच्या टेबलावर बायकांची कुजबुज सुरू झाली होती. नातसुनेचं कापड लावून आलीय. म्हणजे लग्न उरकलं की काय चोरून? का पोटात आहे काही?

आईनं ते ऐकलं. ती लेकाकडं वळली. "जून वेइ, कोण आहे ही?"

आता बघा. हाच तो क्षण. याच्यासाठी ती दीड वर्ष थांबली होती. चारचौघं काय, शंभर माणसं होती मांडवात. तर्शिनी त्याच्याकडं बघत होती आणि एवढं सगळं होऊनही तिच्या डोळ्यांत आशा होती. मी पाहिली. माझ्या शेवटच्या पानावरची आशा होती ती.

जून वेइच्या हातात अर्धी घडी घातलेली सोनेरी मोहर होती. त्यानं आजोबांकडं बघितलं, मग त्या मोहरेकडं.

"वर्गातली आहे," तो म्हणाला.

आईनं पुढं होऊन तिच्या बाहीवरची पिन काढली. हिसकावली नाही हो, सावकाश काढली, कापड फाटू न देता. तुकडा तिच्या हातात दिला. मग दाराच्या टेबलावरून लाल दोरा आणि गोळी आणून तेही दिलं. तर्शिनीनं सगळ्यांसमोर तो दोरा बोटाला गुंडाळला. नीट गुंडाळला, दोनदा.

मग तिला मी दिसले.

ती अशी का आली ते बाकी कुणाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. उठून चार पावलं चालायचं होतं. 'माझी विद्यार्थिनी आहे, चूक माझी आहे, माझ्या पुस्तकात वाचून आली पोर,' एवढंच म्हणायचं होतं. मला गावात मान आहे, माझं ऐकलं असतं. मी हातातल्या शेंगदाण्याकडं बघितलं. सोललेला होता, तरी सोलत बसले. वर बघितलं तेव्हा ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी माझ्या आधी पोचली होती. मारिमुत्तूची पोरगी चिन्याच्या मयतात सून म्हणून बसायला गेली. संध्याकाळपर्यंत तिला तिसरा महिना लागला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी चौथा. आमच्या गावाला दुसरा उद्योग काय!

चौथ्या दिवशी मारिमुत्तू माझ्या दारात आला. चपला बाहेर काढून, हात बांधून उभा राहिला, शाळेत राहायचा तसाच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बस ना रे," म्हटलं.

"नको चिकगू. पार दक्षिणेला, जोहोरला चाललीय ती, माझ्या बहिणीकडं. तिची खाणावळ आहे, हाताखाली माणूस हवंय तिला. तेवढं सांगायला आलो, शनिवारी वाट बघाल म्हणून."

"आणि परीक्षा? अरे मारिमुत्तू, दोन महिन्यांवर आलीय. पोरगी पहिली येईल तुझी. तिनं काही केलेलं नाही, लोक काहीही बकतात..."

"मला माहितीये तिनं काही केलेलं नाही," तो म्हणाला. "पण शाळेत बसणार कुठं ती? त्याच वर्गात ना? पोरं फळ्यावर निळे चौकोन काढतायत." त्यानं बांधलेले हात सोडले. "ती गोष्टीची पुस्तकं वाचायची ते मला आवडायचं नाही. पण हे पुस्तक तुमचं होतं. मी बायकोला म्हटलं, चिकगूंचं आहे, वाचू दे."

"मी बोलते सगळ्यांशी. खूंकडं जाते. माझं ऐकतील."

"तुमचं ऐकूनच झालं ना, चिकगू."

एवढंच म्हणाला. चपला घातल्या आणि गेला. माझ्या अख्ख्या नोकरीत मला असं कुणी बोललं नव्हतं, आणि एकही शब्द वावगा नव्हता.

तरी मी खूंच्या गाडीवर गेले. मयताचे विधी आटोपून गाडी परत लागली होती. म्हातारा नव्हता, जून वेइ होता. मला बघून त्यानं पेल्यात दूध ओतलं आणि हात तसाच थांबला.

"चिकगू, मी काय करणार होतो?" तो म्हणाला. मी काही विचारलंच नव्हतं. "आ-कोंग समोर बसले होते. माझी आहे म्हटलं असतं तर तो तुकडा मीच लावून पाठवली असा अर्थ झाला असता. आजीच्या पेटीसमोर, आ-कोंगच्या तोंडावर. मी म्हणणार होतो, चिकगू. परीक्षा झाली की घरी सांगणारच होतो. खरंच सांगणार होतो."

"आता सांग."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता आ-कोंग गाडीवर येत नाहीत. घरी बसून असतात, डावी बाही चोळत. आता काय सांगू?"

मी दूध प्यायले. पाक नेहमीएवढाच होता. त्याच्यावर चिडायचं ठरवून गेले होते, तेही जमलं नाही. सतरा वर्षांचं पोर ते. माझ्या पुस्तकातल्या मुलाला मी किती धीट केलं होतं!

तर्शिनी गेली त्या सकाळी मी गावाबाहेर कामुंटिंगच्या बसस्टँडवर गेले. मारिमुत्तू मला बघून सामान चढवायला लांब गेला. ती बाकावर बसली होती, मांडीवर माझं पुस्तक. तिच्या शेजारी बसले. वाटेत माफीचं भाषण तयार केलं होतं, त्यातला एक शब्द आठवला तर शपथ.

"चिकगू," तीच म्हणाली, "ती चांगल्या ओळखीची मुलगी तुम्हीच ना?"

"हो."

"त्याचं नाव काय होतं?"

"बेंग ली." चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव मोठ्यानं घेतलं.

"खरं कोण वारलं होतं? आजोबा की आजी?"

"आजी."

"मग डावी बाही?"

"कुणी ओळखू नये म्हणून आजीचे आजोबा केले मी. बेंग लीच्या घरचे अजून या गावातच आहेत."

तिनं मान डोलावली, भूगोलाचं उत्तर समजल्यावर डोलवायची तशी. "आणि निळा तुकडा?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "नाही लावला कुणी," मी म्हणाले. "दाराशी लाल दोरा दिला. आणि एक गोळी."

"तुम्ही घेतलात?"

"घेतला."

"आणि तो? तो काय म्हणाला?"

"त्याच्या आईनं विचारलं, कोण गं ही. तो म्हणाला, वर्गातली आहे."

स्टँडवर कर्णा वाजत होता, इपोह, क्वालालंपूर, जोहोर बाहरू. तर्शिनी माझ्याकडं बघत राहिली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "वाचनालयाचं आहे, परत कराल? माझ्या नावावर राहायला नको." मग वडलांनी हाक मारली आणि ती उठून गेली. बसची काच काळी होती, ती कुठं बसली तेही मला दिसलं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानात तो निळ्या कापडाचा तुकडा होता, पिनेसकट. टाके इतके बारीक की माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेनात.

त्याच दिवशी संध्याकाळी संपादिकेचा फोन आला, दुसरी आवृत्ती काढतोय म्हणून. म्हटलं, शेवट बदला, माझा पहिला दीड पानाचा शेवट घाला. ती हसली. "चिकगू, मुली शेवटासाठीच तर घेतात!" म्हटलं, मग निदान बाही उजवी करा. म्हणाली, "पण हृदय डावीकडं असतं ना हो. ते वाक्य किती सुंदर आहे."

सोमवारी शाळेत गेले पुस्तक परत करायला. खरं सांगते, वाटेत तळ्याच्या कठड्याशी थांबले होते, पाण्यात फेकून द्यावं म्हणून. पण वाचनालयाचं पुस्तक पाण्यात फेकायचं माझ्या हातून होईना. मास्तरकी हाडात मुरलेली. वाचनालयाच्या दाराशी एक मुलगी उभी होती, चौथ्या फॉर्मची, सु मिन नावाची, तळहातावर निळ्या शाईनं कुणाचं तरी तमिळ नाव गिरवलेलं. माझ्या हातातलं पुस्तक बघून तिनं टुणकन उडीच मारली.

"आलं? चिकगू, मी महिनाभर नंबर लावून बसलेय! सही द्या ना, प्लीज!"

"देते," मी म्हणाले. निळा तुकडा आधीच माझ्या पर्समध्ये होता. पेन काढलं आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'यातला शेवट खोटा आहे. असं होत नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

सु मिन हसली, म्हातारं माणूस काही बोललं की पोरं हसतात तशी.

"माहितीये हो चिकगू, गोष्टच आहे ती," ती म्हणाली. मग तळहात मिटून घेतला. "पण माझ्या बाबतीत होईल."